शून्य टक्क्याच्या खाली

उजनी धरण भरलं की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात: दरवाजे उघडल्याची आणि जलपूजन कोणी केलं याची. पाण्याचं भांडण त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी पेटतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा भांडून हाती फारसं लागणार नसतं.

आधी एक हिशेब, कारण तो माहीत नसेल तर पुढचं बोलणं उमगायचं नाही. भीमेवरचं हे धरण माढा तालुक्यात आहे, १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. रोज छापून येणारा टक्का फक्त या उपयुक्त साठ्याचा असतो. ‘उजनी शून्य टक्के’ हा मथळा वाचून ज्याच्या डोळ्यांसमोर भेगाळलेला तळ येईल तो फसला. त्या दिवशी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. ते वापरायला काढलं की आकडा शून्याखाली उतरतो, उणे पाच, उणे वीस, उणे चाळीस. इकडचा माणूस ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतो. आणि उपयुक्त साठा खोल तरी किती? ४९१.०३ मीटरपासून ४९६.८३ मीटरपर्यंत, सहा मीटरसुद्धा नाही. जलाशय इतका पसरट, की पातळी हातभर उतरली तरी पाणी काठापासून लांब जातं.

पुढचं बोलणं दोन व्याह्यांचं आहे. एक करमाळा तालुक्यातले, बॅकवॉटरच्या काठावरचे. त्यांच्या वडिलांची जमीन पाण्याखाली गेली आणि ते वर सरकून तिथंच राहिले. दुसरे मंगळवेढ्याकडचे, उजव्या कालव्याच्या शेवटाला शेती करणारे. करमाळ्याची लेक मंगळवेढ्याला दिलेली. माणसं मी जुळवून घेतली आहेत. तक्रारी मात्र दोन्हीकडे कुणाच्याही ओट्यावर ऐकायला मिळतील अशाच. त्यांना मी ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणतो, कारण तेही एकमेकांना तसंच म्हणतात.

वरचे : पाव्हणं, राग मानू नका, पण तुमचं आवर्तन सुटलं की माझी झोप जाते. पाणी मागं सरकतं तशी मोटार पुढं न्यावी लागते. पाइप वाढवा, केबल वाढवा. पुढं चिखल लागला की जेसीबी लावून चारी खोदा, म्हणजे त्या चारीतनं पाणी मोटारीपाशी येईल. चारी खोदून होते तोवर पाणी अजून मागं. केळी तर एवढी वाट बघत नाही.

खालचे : मोटार पुढं न्यायला तुमच्यापुढं पाणी तरी आहे. मी टेलचा माणूस. कालव्याला पाणी सुटलं हे मला पेपरात कळतं. वरचे फाटे भिजतात, मधली गावं दारं मोडून घेतात, आणि माझ्या पोटचारीत पाणी येतं तेव्हा पाटकरी सांगतो, आवर्तन संपत आलं. सात नंबरचा अर्ज मी भरतो, पाणीपट्टी मी देतो. तुमच्या काठावर किती मोटारी आहेत, हे कुणाला तरी ठाऊक आहे का?

वरचे : परवाने आहेत आमचे.

खालचे : परवाना एका मोटारीचा, आणि पाण्यात पाइप तीन.

वरचे : असतील कुणाचे. माझे नाहीत.

मुलीचा बाप असल्यामुळे वरचे सुरुवातीला जपून बोलत होते. इथून पुढं ते जपणं सुटलं.

वरचे : एक सांगा, हे तळं आलं कुठनं? आमच्या गावावरनं आलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला येतात. आम्हाला त्यात फोटोसारखं काही दिसत नाही. गाव दिलं, काळी जमीन दिली, त्याच्या बदल्यात डोळ्यांसमोरचं पाणी उचलायचं नाही म्हणता?

खालचे : उचलू नका असं कुठं म्हणतो? मोजून उचला म्हणतो. धरण कशासाठी बांधलं? कालव्यासाठी. डावा कालवा, उजवा कालवा, दुष्काळी तालुके भिजावेत म्हणून. सरकारनं तळं बांधून काठावर केळी लावायची योजना काढली नव्हती.

वरचे : आणि तुमच्याकडं बारमाही ऊस लावायची योजना काढली होती?

या प्रश्नावर खालचे गप्प बसले. उजनीचं सिंचन आठमाही पिकांच्या हिशेबानं आखलं होतं. ज्वारी, गहू, हरभरा, थोडा भाजीपाला. आज सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. काठावर कंदरची केळी परदेशी जाते, तिचं कौतुक व्हायलाच हवं, पण केळीला आणि उसाला पाण्याचं वेळापत्रक आठ महिन्यांनी थांबवता येत नाही. म्हणजे धरणाच्या दोन्ही अंगांना अशी पिकं उभी आहेत, ज्यांना उन्हाळ्यात पाणी लागणारच, आणि धरणाचा उपयुक्त साठा उन्हाळ्याआधी संपवायचा असंच कागदावरचं गणित होतं. उरलेला सगळा भार मृतसाठ्यावर. कोण चुकलं, हे या दोघांना विचारण्यात अर्थ नाही. ज्यांनी गाळपाचे परवाने दिले त्यांना विचारावं, पण ते या ओट्यावर नाहीत.

खालचे : बरं, आपण दोघं ऊसवाले-केळीवाले चोर. पण सोलापूर शहराला पाणी तर द्यायलाच हवं. त्यालाही तुमचे लोक आडवे येतात.

वरचे : शहराला पाणी देऊ नका असं कुणी म्हणलं? नदीतनं देऊ नका म्हणलं. धरणातनं पाणी सोडायचं, ते भीमेनं दोनशे किलोमीटरच्या वर वाहत जायचं, मग औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायचे. एका वेळेला पाच-सहा टीएमसी जातं. अर्धं वाळूत, अर्धं काठावरच्या मोटारींत. शहराच्या नळाला किती? समांतर जलवाहिनी रोज १७ कोटी लिटरची. वर्षभर रोज चालवली तरी सव्वादोन टीएमसीच्या आत बसतं. पोराकडनं हिशेब करून घेतलाय मी.

खालचे : हिशेब बरोबर आहे. पण नदीत पाणी सोडलं की ते वाया जातं, असं तुम्ही वर बसून म्हणता. पंढरपूर कुठलं पाणी पितं? नदीकाठच्या गावांच्या पाणीयोजना कुठल्या पाण्यावर चालतात? आषाढीला चंद्रभागेत पाणी नसलं तर वारकऱ्यांनी कशात बुडी मारायची? तुमची लेक आमच्या घरी ज्या हंड्यातलं पाणी पिते ते त्याच ‘वाया गेलेल्या’ पाण्यातलं आहे.

वरचे : लेकीला मध्ये आणू नका.

खालचे : मी कुठं आणली, भीमेनंच आणली.

वरच्यांचं म्हणणं आकड्यात पक्कं आहे, आणि तरी ते पुरं नाही. शहरासाठी म्हणून सोडलेलं नदीतलं पाणी खरं तर कितीतरी गावांसाठीही सोडलेलं असतं, फक्त सरकारी टिपणात त्यांचं नाव नसतं. जलवाहिनीतून शहराची तहान भागली की नदीची पाळी बंद होईल, असं काठावरचे लोक धरून चालतात. आणि नेमकं तेच नदीकाठचे लोक घाबरून ऐकतात. शहरासाठीचा आडोसा गेला की नदीला स्वतःच्या नावानं पाणी मागावं लागेल. ते कुणी आणि कधी मागायचं याचा ठराव अजून कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

बोलणं मग २०२३-२४ वर आलं. ते येणारच होतं.

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि धरण साठ टक्क्यांच्या आसपास अडकलं. जानेवारी २०२४ मध्येच आकडा शून्याखाली गेला आणि जूनपर्यंत उणे साठच्या जवळ पोचला. एक टक्का म्हणजे साधारण ०.५४ टीएमसी, म्हणजे मृतसाठ्यातलं बत्तीस टीएमसी पाणी वापरलं गेलं आणि तळाशी एकतीस-बत्तीस टीएमसी उरलं, गाळ धरून.

वरचे : त्या वर्षी वीज कमी केली आमची. धरणात पाणी राहावं म्हणून काठावरच्या मोटारींची वीज तोडायची, आणि कालव्याला, नदीला पाणी चालूच. पाणी वाचवायचं असेल तर एकट्या आमच्याकडनंच का? बागा जळल्या बघा. आणि उरलेलं पाणी कसं? पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतनं, पवनेतनं, इंद्रायणीतनं आमच्याकडंच येतं. भरलेल्या तळ्यात ते मुरतं, खपतं. मायनस पन्नासला हिरवी साय धरते पाण्यावर. हात घातला की खाज सुटते.

खालचे : ते पाणी पुढं आम्हीच पितो.

वरचे : मग आपण दोघं मिळून पुण्याशी भांडू की!

खालचे : भांडलो ना. एप्रिल २०२१ मध्ये इंदापूरला पाच टीएमसी द्यायचा निर्णय झाला. नाव काय दिलं होतं, सांडपाणी. पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं, ते उचलायला काय हरकत, म्हणे. अख्खा सोलापूर जिल्हा रस्त्यावर आला, मे महिन्यात निर्णय रद्द झाला. तुमच्या तालुक्यातली माणसंही होती त्यात. तवा आपण एक होतो.

वरचे : व्हय, वाटेकरी वाढत होता तवा एक होतो.

हे वाक्य खालच्यांनाही पटलं असावं, कारण ते हसले.

ऑगस्ट २०२४ मध्ये धरण पुन्हा भरलं, आणि जानेवारी ते जून कोणी काय भोगलं ते पुसलं गेलं. उजनीचा हा स्वभावच आहे. दौंडकडून येणारा विसर्ग वाढला की काही आठवड्यांत साठ टक्क्यांची तूट भरून निघते. त्यामुळे दुष्काळातून धडा घ्यायला कोणाला सवड मिळत नाही; लगेच पुराची चर्चा सुरू होते. आणि गंमत अशी, की पुराच्या चर्चेत हे दोघे व्याही जागा बदलतात. उन्हाळ्यात ‘सोडा सोडा’ म्हणणारे खालचे पावसाळ्यात ‘आधीच जरा रिकामं ठेवा’ म्हणतात, आणि ‘सोडू नका’ म्हणणारे वरचे म्हणतात, ‘भरू द्या की काठोकाठ.’

खालचे : ऑक्टोबर २०२० विसरलात? धरण भरलेलं, वर ढगफुटीसारखा पाऊस, एका रात्रीत दोन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं. तिकडनं वीर धरणाचं पाणी नीरेतनं येतं, नीरा-नृसिंहपूरला भीमेला मिळतं, आणि दोन्ही मिळून पंढरपुरात शिरतात. शंभर टक्के भरल्यावरही तुम्हाला १११ टक्के हवे असतात. वरचे ते सहा टीएमसी आमच्या घरात येतात.

वरचे : आणि ते सहा टीएमसी साठवले नाहीत तर एप्रिलमध्ये तुम्हीच विचारता, का नाही साठवले. भरायचं कधी, सांगा. जुलैत रिकामं ठेवा, ऑगस्टमध्ये रिकामं ठेवा, आणि सप्टेंबर कोरडा गेला तर? पाऊस आता वेळापत्रकानं येतो का? २०२५ मध्ये मे महिन्यातच अवकाळीनं धरण मायनसमधनं वर काढलं. जून संपायच्या आत नदीला पाणी सोडायला लागलं. असं आमच्या बापानं तरी बघितलं होतं का?

खालचे : म्हणून तर म्हणतो, पावसाळ्यात कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं कोष्टक असतं सायबाकडं. ते गावात लावा. चावडीवर लावा. आम्हाला भोंगा वाजल्यावर कळतं.

कोष्टक असतं, हे खरं आहे. कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं असावं, येवा किती आला तर दरवाजे किती उघडायचे, याचा आराखडा जलसंपदा विभाग प्रत्येक मोठ्या धरणासाठी करतो. उजनीला ४१ दरवाजे आहेत. ते उघडायचे नियम हवेतून येत नाहीत. पण हा सगळा आराखडा पावसाळ्याचा, पूर सांभाळण्याचा. उन्हाळ्यात शून्याच्या खाली कुठल्या तारखेला किती उतरायचं, असा तितकाच बांधीव तक्ता गावाच्या चावडीपर्यंत पोचत नाही. १५ ऑक्टोबरचा साठा धरून वर्षाचं नियोजन होतं, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं ठरतात. पालकमंत्री अध्यक्षस्थानी असतात, आमदार असतात, कारखानदार असतात. पण समिती कालव्याची आहे. काठावरच्या माणसाला त्या खोलीत खुर्ची मिळाली तर ती आमदाराच्या मागं उभं राहण्यापुरती. माझं म्हणणं एवढंच, की मृतसाठा किती वापरणार हे ऑक्टोबरमध्ये, धरण भरलेलं असताना, सगळ्यांसमोर आकड्यात ठरलं पाहिजे. फेब्रुवारीत ठरवलेलं ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं झुकतं.

खालचे मृतसाठा वापरण्याला मुदतठेव मोडण्याची उपमा देतात. ‘ठेव मोडायला हरकत नाही,’ ते म्हणाले, ‘पण सही कुणाची, ते आधी सांगा.’

आणखी काही जण आहेत, जे या दोघांच्याही बोलण्यात येत नाहीत. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन माणसं. रोहिताला उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. ज्या वर्षी धरण तुडुंब राहतं त्या वर्षी चिखल उघडा पडत नाही, पक्षी उशिरा येतात किंवा थोडे येतात, आणि होडीवाल्यांचा हंगाम बसतो. म्हणजे शेतकऱ्याचं चांगलं वर्ष होडीवाल्याला वाईट. मासेमाराचं गणित आणखी वेगळं: पाणी उतरलं की मासळी आटोपशीर जागेत गोळा होते, जाळ्यात चिलापी भरभरून येते, आणि पुढच्या वर्षी बीज उरत नाही. गाळपेर करणाऱ्याला पाणी उतरायला हवं, पण पेरलेलं हाती येईपर्यंत परत चढायला नको. एकाच पातळीला इतके लोक टांगलेले असताना ‘योग्य पातळी’ असं काही नसतंच. असते ती आधी सांगितलेली पातळी किंवा न सांगता उतरवलेली. मे महिन्यात पाणी उतरणार हे डिसेंबरात कळलं, तर वरचे केळीची नवी लागण टाळतील, होडीवाला होडी दुरुस्तीला काढील, खालचे उसाचा खोडवा ठेवायचा की मोडायचा ते ठरवतील.

हे मी दोघांपुढं मांडलं. वरच्यांनी लगेच आकडा काढला.

वरचे : मग ठरवा. उणे पंधरा. त्याच्या खाली फक्त पिण्याचं पाणी, कालवा बंद, मोटारी बंद. आमच्याही बंद.

खालचे : उणे पंधरा म्हणजे आठ टीएमसी. त्यात आमचं उन्हाळी आवर्तन कसं बसायचं? उणे तीस म्हणा.

वरचे : उणे तीसला माझी चारी कोरडी पडते.

खालचे : आणि उणे पंधराला माझा कालवा. तुमच्याकडं निदान चिखल तरी ओला राहतो.

वरचे : वीस?

खालचे : वीसला मी तयार आहे, पण एक अट. काठावरच्या प्रत्येक मोटारीला मीटर बसवायचा. किती उचललं ते दर महिन्याला लिहून लावायचं.

वरचे : बसवा. पण मग कालव्याच्या प्रत्येक फाट्यालाही मीटर. आणि कारखान्याच्या पाइपलाइनीला. आणि नदीवरच्या मोटारींना.

खालचे : नदीवरच्या मोटारींना कशाला?

वरचे : का, नदीचं पाणी मोजायचं नसतं का?

खालचे : नदीवर गावंच्या गावं आहेत पाव्हणं. मीटर बसवायला गेलेला माणूस माघारी यायचा नाही.

वरचे : माझ्या काठावर तरी कुठं चहा पाजतील त्याला? आधी ते सांगा, त्या मीटरचं रीडिंग घ्यायला कोण येणार आहे? जो आज येतो तोच का?

आतून जेवायला बोलावणं आलं होतं. खालचे उठता उठता म्हणाले, ‘उणे वीसवर मी अजून थांबलोय, पण आमच्या फाट्यावरच्या चार लोकांना विचारल्याशिवाय मला काही बोलता येणार नाही.’ वरचे म्हणाले, ‘मलाही.’